ओखे म्हणा, नाहीतर चालू लागा

लाम्बेर्ट नाकेनच्या बेकरीला लागूनच माझं बटणांचं दुकान. त्यामुळे त्याचा आवाज मला भिंतीतूनही ऐकू यायचा, आणि आवाज म्हणजे काय विचारू नका! एखादी डच बाई प्रिंटन घ्यायला यायची, मधाच्या त्या मसालेदार कडक वड्या, आणि सहज बोलून जायची, "आकनला आलं की तुमच्याकडे आल्याशिवाय राहवत नाही बघा." झालं! लाम्बेर्ट हातातली पिशवी तशीच खाली ठेवायचा.

"आकन? असं गाव इथे नाही, बाई. स्टेशनवर चौकशी करा."

बेल्जियमचा कुणी फ्रेंचमध्ये "एक्स" किंवा "एक्स-ला-शापेल" म्हणाला, तर त्यालाही तेच उत्तर. जर्मन सरकारच्या पाटीवरचं "आखेन"सुद्धा त्याला खपायचं नाही. गावाचं नाव ओखे, आमच्या बोलीतलं. बाकी सगळे, त्याच्या मते, वाट चुकलेले.

मी त्याला एकदा सुनावलं होतं. "अरे शहाण्या, इथे जमिनीतून ऊन पाणी येतं म्हणून रोमन लोकांनी गावाला नुसतं पाणी म्हटलं. मग ज्याच्या जिभेला जसं वळलं तसं त्याने ते म्हटलं. तुझं ओखेही त्यातलंच."

"पण बरोबर वळली ती आमचीच जीभ," लाम्बेर्ट म्हणाला. आता या माणसाला काय बोलणार? आणि गंमत अशी, की सीमेपलीकडच्या, बेल्जियममधल्या लिएजला हा स्वतः खुशाल लुटिश म्हणायचा. लिएजवाल्यांना कुणी विचारलं होतं का?

त्याची मुलगी गुडुला इस्पितळात नर्स होती. तिची छोटी ओडा दिवसभर बेकरीतच असायची, पिठाच्या पोत्यावर बसलेली. आजोबांनी नातीला पोपटासारखं पढवलं होतं. गिऱ्हाईक आलं की हा विचारायचा, "आकन?" पोरगी ठसक्यात म्हणायची, "असं गावच नाही!" "एक्स?" "असं गावच नाही!" "आखेन?" "नाही नाही नाही!" मग प्रिंटनचा एक तुकडा तिच्या तोंडात. गिऱ्हाईक हसून लोटपोट व्हायचं.

गुडुला म्हणायची, "बाबा, पोरीला निदान शाळेपुरतं तरी खरं नाव सांगा."

"खरंच सांगतोय," लाम्बेर्ट म्हणायचा.

एका रविवारी मी, लाम्बेर्ट आणि ओडा लिएजच्या बाजाराला गेलो. नदीकाठी मैलभर दुकानं, आणि मधोमध कोंबड्या, ससे, बदकाची पिल्लं विकायला ठेवलेली. मी एका टोपलीतली जुनी बटणं चाळत होते, लाम्बेर्ट मला घाई करत होता. "बटणं विकतेस आणि बटणंच बघतेस, नेट्टी. कमाल आहे तुझी." असं म्हणून त्याने खाली पाहिलं, तर ओडा नाही.

आधी वाटलं, पिल्लांपाशी असेल. नव्हती. सशांपाशी नव्हती. लाम्बेर्टने हाका मारायला सुरुवात केली. बाजाराला लागून नदी, तीही काठोकाठ. तो एकसारखा तिकडेच बघत होता. मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत पोलीस चौकीत नेलं. त्याला फ्रेंचचा गंध नाही. माझी मात्र गिऱ्हाइकं निम्मी बेल्जियमची, म्हणून बोलले मीच.

पोलीस भला माणूस होता. त्याने बाजाराच्या पलीकडच्या टोकाच्या चौकीला फोन लावला. "एक्स-ला-शापेलची लहान मुलगी आहे का तुमच्याकडे?" पलीकडचं ऐकून त्याने मान हलवली.

"तिथे एक मुलगी आहे, पण ती तुमची नाही," तो मला म्हणाला. "तिची बोली त्यांना धड कळत नाही. त्यांनी तिला एक्स विचारलं, आखेन विचारलं, आकनही विचारलं. ती हात झटकून म्हणते, असं गावच नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची आहे बिचारी." आणि तो फोन ठेवायला लागला.

"काय म्हणतोय गं तो?" लाम्बेर्टने विचारलं.

मी शब्दन् शब्द सांगितला. एरवी अशी संधी मी सोडली नसती, चिडवून चिडवून त्याला नको केलं असतं. पण लाम्बेर्ट बाकावर मटकन खाली बसला. "तीच आहे," तो म्हणाला. "नेट्टी, त्याला सांग, तीच आहे. फोन ठेवू देऊ नकोस!" मग स्वतःच उठला, पोलिसाचा हात धरला आणि त्याला जेवढं येत होतं तेवढं ओरडून सांगितलं, "एक्स! एक्स-ला-शापेल! माझी! माझी आहे!"

त्या चौकीत ओडा टेबलावर बसून कुणीतरी दिलेला वॉफल खात होती. आम्हाला बघताच उडी मारून आली. "आजोबा, त्यांनी मला सगळं विचारलं! मी एकालाही हो म्हटलं नाही!" आणि तिने तोंडाचा आ केला, तुकड्यासाठी. लाम्बेर्टने तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून तो इतका रडला, की पोलिसांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

स्टेशनवर आमची गाडी लागलेली होती. डब्यावर मोठ्या अक्षरांत पाटी. ओडाने विचारलं, "काय लिहिलंय?"

लाम्बेर्टने वाचून दाखवलं, "एक्स-ला-शापेल."

पोरीने भोकाड पसरलं. "मला नाही जायचं त्या गाडीत! मला घरी जायचंय!" मी समजावलं, तिकीट दाखवलं. छे! तिने दाराबाहेरची दांडी घट्ट धरून ठेवली.

लाम्बेर्ट फलाटावर गुडघे टेकून तिच्यासमोर बसला. "बाळा, एक्स म्हणजे आपलंच घर. आकनही आपलंच, आखेनही आपलंच. कुणीही काहीही म्हणालं ना, तू हो म्हण."

ओडाने नाक पुसलं. "मग तुम्ही का म्हणालात, असं गावच नाही?"

गार्ड शिट्टी मारत होता. लाम्बेर्टने माझ्याकडे पाहिलं, मी काही सुचवीन म्हणून. मी तिकिटं पर्समध्ये ठेवायला लागले.

"आजोबा गाढव आहे म्हणून," तो म्हणाला.

ओडाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग दांडी सोडली, त्याचा हात धरला आणि गाडीत चढली.