कुंकू लावलेला स्पीकर

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांना हळदीकुंकू वाहायचं, म्हणून मी नवऱ्याच्या चालू स्पीकरलाही चिमूटभर वाहिलं. तेव्हा मी पन्नाशीची अल्लड पोर होते. अक्कल अजून यायची होती.

हा स्पीकर म्हणजे खोका नव्हे. दाराएवढी चौकट, आत भोकाभोकांचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये ताणलेला झिरझिरीत प्लास्टिकचा पडदा. त्यावर हजारो व्होल्ट सोडले की पडदाच गातो. विजेनं कुंकू आत ओढलं. फट्ट! पडद्याला भोक, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीत जळका वास.

नवरा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. असला स्पीकर पहिल्यांदा लोकांच्या घरात नेणारा इंग्लंडातला माणूस हे त्याचं दैवत. पडदा बाकदार करून आवाज खोलीभर पसरवणारे अमेरिकेतले, ते धाकटे देव. त्यांच्याबद्दल वाचून वाचून त्यानं हा उभा केला होता. तो सरळ भंगारवाल्याला फोन लावायला लागला.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "लई बेस झालं. इजेच्या वस्तूला बाईमाणसानं शिवायचंच नाय."

माझं डोकं फिरलं. "अहो, ठेवा तो फोन. मी बसवते नवा पडदा. भंगारवाला आला तर आधी मला तराजूत घालावं लागंल!"

"अगं, तुला जमायचं नाही ते."

"तुमच्या देवांना तरी पहिल्या फटक्यात जमलं होतं का?"

त्याच्या पुस्तकांतल्या त्या देवांच्या फोटोंत एकही बाई नव्हती. नसू दे. मी स्पीकरची वीज काढली, पूर्ण उतरू दिली, पत्रे सुटे केले. टेबलाच्या कडेनं सायकलची ट्यूब बसवली, तिला नवा पडदा चिकटवला आणि पंपानं हवा भरली, तसा पडदा ढोलकीसारखा ताठ झाला. मग पडद्यानं वीज धरावी म्हणून त्यावर कापसानं पेन्सिलीतल्या शिशाची पूड घासली. शहाणपणा करून आधी तव्यासारखा काळा केला आणि निम्मी पूड परत पुसत बसले. शेवटी पडदा पत्र्यांमध्ये बसवला आणि वीज जोडली.

सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं होतं. नवऱ्यानं जात्यावरच्या ओव्यांची जुनी रेकॉर्ड लावली. पडदा गायला लागला.

तिसऱ्या ओवीला सासूबाई वळल्या. स्पीकरकडं टक लावून बघत राहिल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस गं? ती बाई दम घेतीया, ऐकू येत नाय व्हय तुला? थांबव ते, आन तिला पाणी दे आधी."