नानांचा खोकला

मंजुषा लग्न करून आमच्या मुकुंदवाडीत आली, तेव्हा गल्लीतल्या बायका तिला थोड्या बिचकूनच होत्या. देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातली ही मुलगी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, केसभर फरक असला की बाजूला काढायचा. घरातही तसंच. गॅसची नळी कधी बदलली, टाकी कधी धुतली, सगळं तिच्या लक्षात असायचं. तिचा नवरा ऋतुराज शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर कामाला. हसतमुख मुलगा, कुणाला नाही म्हणता न येणारा. घरात सासू द्वारकाबाई आणि सासरे कचरूनाना. दोघी-तिघींच्या गप्पांत मंजुषा मला म्हणायची, "काकू, मला नवरा साधा भेटला, हे लई बरं झालं."

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी, तिसाव्या आठवड्यातच तिचं बाळंतपण झालं. मुलगी. वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मंजुषा हॉस्पिटलातच, बाळंतिणींसाठी ठेवलेल्या खोलीत राहू लागली. दर दोन तासांनी दूध काढायचं, नळीतून बाळाच्या पोटात जाताना बघायचं, नंतर उघड्या छातीशी बाळ धरून बसायचं. बाळ श्वास घ्यायचं विसरलं की मशीन ओरडायचं आणि सिस्टर त्याच्या तळपायावर टिचकी मारायची. असे चाळीस दिवस गेले. ऋतुराज रोज कामावरून थेट यायचा, हात कोपरापर्यंत धुऊन आत जायचा आणि काचेवर बोट ठेवून उभा राहायचा.

बाळ पावणेदोन किलोचं झालं, पळीनं दूध घेऊ लागलं, तेव्हा रत्नमाला सिस्टरनी दोघांना समोर बसवलं. घरी न्यायच्या आधी काय काय करायचं, ते त्या एकेक करून सांगत होत्या. खोलीत ऊब हवी पण धूर नको. शेगडी नको, धुरी नको, अगरबत्तीसुद्धा नको. पाणी उकळून झाकलेलं. पाहुणे दोन महिने उंबऱ्याबाहेर.

"आणि घरात कुणाला खोकला? टीबी? सर्दी तरी?"

"कुणालाच नाय," ऋतुराज म्हणाला.

"नानांना खोकला हाय ना थोडा," मंजुषा म्हणाली.

"अगं, तो धुळीचा. मागची भिंत पाडली तेव्हाचा. आता बराय."

सिस्टरनी मंजुषाकडे पाहिलं. तिनंही मान डोलावली. नवरा रोज घरून येत होता. त्याला माहीत असणार.

घरी न्यायच्या चार दिवस आधी, सकाळच्या दोन दुधांच्या मधला वेळ काढून ती घरी आली. जानेवारीची थंडी होती. द्वारकाबाईंनी गोधड्या धुऊन वाळत घातल्या होत्या, फरशी दोनदा पुसली होती. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं, म्हणून ऋतुराजनं खास बाळासाठी झाकणाचा नवा ड्रम आणून ठेवला होता. धुरी द्यायची नाही म्हटल्यावर सासू वाद घालील, अशी मंजुषाची खात्री होती. पण द्वारकाबाई म्हणाल्या, "नको तर नको. तू म्हणशील तसं." पाहुणे नकोत. "बरं." तेल चोळायचं नाही. "बरं." मंजुषाला भरून आलं. आपण सासूला उगीच कडक समजत होतो, असं वाटलं.

पुढच्या खोलीत ऊन यायचं. तिथं नानांची खाट होती. बाळासाठी तीच खोली घ्यायची असं तिनं ठरवलं आणि नानांची गादी उचलायला वाकली, तेवढ्यात दारात सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या. रूपाली त्यांचं नाव. आमच्या वॉर्डात त्याच घरोघर फिरतात.

"कचरूनाना आहेत का? गोळ्यांची रिकामी पाकिटं द्या. परवा दवाखान्यात दाखवायला न्यायचंय त्यांना."

"कसल्या गोळ्या?"

रूपाली गोंधळली. "तुम्ही कोण?"

"मी सून."

"तुम्ही माहेरी होता ना? तुमचे मिस्टर म्हणाले, बायको बाळंतपणाला देवगावला गेलीय, वर्षभर येणार नाय. म्हणून तर मी लहान मुलाचं काही लिहिलं नाय कागदावर. नानांना टीबी आहे, ताई. तेवीस दिवस झाले गोळ्या चालू होऊन. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा म्हणून मी त्यांना दोनदा सांगितलंय."

मंजुषाच्या हातातली गादी तशीच खाली पडली. तिनं सासूकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"आत्या, तुम्हाला ठावं होतं?"

"सांगणारच होतो गं. तुझं दूध आटलं असतं. ऋतुराज म्हणला, पोरगी घरी येऊ दे, मंग सांगू."

"घरी येऊ दे, मंग?"

मागच्या दारातून नाना आत आले होते. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. ते चौकटीपाशीच थांबले.

"म्हंजे तुला सांगितलंच नाय?" ते म्हणाले. "मला तर ऋतुराज म्हणला, मंजुषाला समदं ठावं हाय. नानांनी हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाय, असं तीच म्हणती. म्हणून मी आलो नाय, पोरी. मनाला लागलं, पण म्हणलं, बरोबर हाय तिचं."

चाळीस दिवसांत नाना एकदाही नातीला बघायला आले नव्हते. मुलगी झाली म्हणून आले नसतील, असं मंजुषानं मनात धरलं होतं. ती चौकटीकडे बघत उभी राहिली आणि तिला एकदम रडू फुटलं.

दुपारी ऋतुराज हॉस्पिटलात आला. जिन्याखाली, माणसांच्या गर्दीत, ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"रूपालीताई आल्या होत्या."

त्याचा चेहरा उतरला. "मी सांगणार होतो."

"सिस्टरनी समोर बसवून विचारलं. तुम्ही माझ्यादेखत नाय म्हणलात. आन् मी मान डोलावली. माझ्या मानेनं खोटं बोललात तुम्ही."

"गोळ्या चालू झाल्या की पसरत नाय म्हणतात."

"कोण म्हणतं? डॉक्टरला विचारलंत?"

तो जिन्याच्या कठड्याकडे बघू लागला.

"कशासाठी केलंत हे?"

"तू पोरीला घेऊन देवगावला गेली असतीस," तो शेवटी म्हणाला. "चाळीस दिवस मी तिला काचेतून बघतोय. मला ती घरी पाहिजे होती."

हे सांगताना मंजुषा मला म्हणाली, "काकू, त्यानं दुसरं कुठलं बी कारण सांगितलं असतं तर मी भांडले असते. हे ऐकल्यावर भांडायची ताकदच गेली. पोरीवर जीव हाय त्याचा. आन् त्याच जिवापायी तो तिला त्या खोलीत निजवायला निघाला होता."

ती तशीच वर गेली आणि रत्नमाला सिस्टरना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्या दोघांची आणि द्वारकाबाईंचीही तपासणी केली, छातीचे फोटो काढले, बाळालाही तपासलं. चौघंही ठीक निघाले. पण डॉक्टर स्पष्ट बोलले. नानांची थुंकी साफ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत बाळ त्या घरात जाणार नाही.

नाना म्हणाले, मी बिडकीनला भावाकडं जातो, शेतात राहीन. मंजुषानंच त्यांना अडवलं. "तुमच्या गोळ्या इथं, रूपालीताई इथं. तुमचा काय गुन्हा हाय? तुम्ही इथंच राहायचं." देवगाव लांब; बाळाला दर आठवड्याला डोळे आणि वजन तपासायला आणायचं होतं. त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मी निवृत्त झाल्यापासून माझी वरची खोली बंदच होती.

"काकू, खोली द्याल का? आधी सांगते, आमच्या घरी टीबी हाय."

गल्लीत ऋतुराज जे लपवत होता, ते तिनं खोली मागतानाच सांगून टाकलं.

तीन दिवसांत, दोन दुधांच्या मधल्या वेळात येऊन, तिनं खोली तयार केली. जाळ्या झाडल्या, ओल आलेला कोपरा खरवडला, खिडकीच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनी बंद केल्या. भिंतीवर तापमान बघायचं यंत्र लावलं. दारातच साबण आणि तांब्या; मीसुद्धा हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही. ऋतुराज नवा ड्रम खांद्यावर घेऊन आला. तिनं तो घेतला, आतून पुन्हा घासला, आणि त्याला म्हणाली, "पडद्याची दांडी लावून द्या." त्यानं भिंतीला भोकं पाडली, दांडी बसवली, खाली सांडलेला भुगा स्वतः पुसून घेतला. ती तेवढा वेळ जिन्यात जाऊन बसली होती.

बाळ माझ्या वरच्या खोलीत आलं. रोज संध्याकाळी ऋतुराज येई, हात धुई आणि छातीशी लेक धरून तास-दीड तास बसे. नाना गल्लीत समोरच्या ओट्यापाशी उभे राहत आणि मंजुषा गच्चीतून दुपटं बाजूला करून त्यांना नात दाखवी. एवढ्या लांबून त्यांना काय दिसत असेल कोण जाणे, पण ते हात जोडत.

फेब्रुवारीच्या शेवटी नानांचा रिपोर्ट साफ आला. ऋतुराज धावत तो घेऊन आला. मंजुषानं कागद घेतला, तारीख वाचली, रूपालीताईंना फोन लावून विचारलं आणि मग डॉक्टरांना. त्याच्यासमोरच. तो मान खाली घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन घरी गेली. नानांनी खाटेवर बसून नातीला मांडीवर घेतलं. द्वारकाबाई रडल्या, सुनेच्या हाताला धरून "चुकलं गं" म्हणाल्या. पुढच्या खोलीत पाळणा बांधला होता, भिंतीला चुना दिला होता. मंजुषा दिवसभर राहिली, जेवली आणि संध्याकाळी बाळाला घेऊन माझ्याकडे परत आली.

ऋतुराज मागोमाग आला. "आता काय राह्यलं? घर तयार हाय."

"पोरीसाठी तयार हाय," ती म्हणाली. "रोज आणत जाईन तिला. मला अजून तिथं झोप येणार नाय. तुम्ही काय बी सांगितलं तरी मी दुसऱ्याला विचारायला उठणार. असं किती दिवस चालंल, मला बी ठावं नाय."

मुलगी आता सात महिन्यांची आहे, साडेसहा किलोची. सकाळी मंजुषा तिला आजी-आजोबांकडे सोडते आणि कंपनीची बस पकडते. संध्याकाळी ऋतुराजच लेकीला वर आणून देतो, थोडा वेळ बसतो आणि जिना उतरतो.