धुतलेलं सरपण

आमच्या देवासच्या घरात कुळधर्माचं पुरण गॅसवर शिजत नाही. चूलच लागते, आणि लाकडंही आदल्या दिवशी धुऊन वाळवलेली. हा नियम पाळून घेणारे माझे चुलतसासरे, काकासाहेब, जन्मात कधी चुलीपुढे बसलेले नाहीत. बसतात त्या माझ्या सासूबाई. डॉक्टरांनी बजावलंय, छाती अधू झालीय, आता धूर बंद. पण काकासाहेबांच्या सोवळ्यापुढे डॉक्टर तो काय!

मी जळणाच्या पेलेटच्या कारखान्यात नोकरी करते. पीपलरावां गावाकडून येणारा सोयाबीनचा भुसा आम्ही आधी धुतो. त्यातले क्षार निघून गेले की जळताना राखेचे खडे धरत नाहीत. मग तो वाळवून, लाकडाचा भुसा मिसळून, दाबून बोटाएवढ्या कांड्या करतो. पंख्याच्या शेगडीत त्या जवळजवळ बिनधुराच्या जळतात. यंदा मी तशी शेगडी आणि कांड्यांची दोन पोती घरी आणली. सासूबाईंनी शेगडीवरून हात फिरवून पाहिला.

कुळधर्माच्या सकाळी मी न्हाऊन येते तो काय, काकासाहेबांनी एक पोतं घंगाळात ओतवून धुवायला लावलेलं! दाबलेला भुसाच तो, फुगून त्याचा लगदा झाला.

"देख लो भिया," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ये तुझ्या बायकोचं विज्ञान. गोबर निघालं पूरा."

बत्तासे धुवावेत आणि विरघळले म्हणून हलवायाला शिव्या द्याव्यात, अशी ही अक्कल. नवरा नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये तोंड घालून बसला.

लगेच चूल पेटली. डाळ चढायच्या आतच सासूबाई खोकून खोकून भिंतीला टेकल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुसरं पोतं ओढत आणलं.

"काकासाहेब, हे धुतलेलंच आहे. कांड्या करायच्या आधी कारखान्यात धुतात."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. भावजयीच्या खोकल्याचा नव्हे.

"धुतलं कोणी?"

"उदयनगरकडच्या आदिवासी बायकांनी."

काकासाहेबांनी धोतराचा सोगा आवरला आणि पोत्यापासून दोन पावलं मागे सरकले.

सासूबाई उठल्या. चुलीतली लाकडं ओढून त्यांनी त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं, शेगडीत ओंजळीने कांड्या भरल्या. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाल्या,

"त्या बायांचं देव भलं करो, भावजी. ह्या घरातल्या कोणी माझ्यासाठी आजवर एवढंही केलं नाही."