नळावरचं बोलणं

शाळेत तिला सगळे सिस्टर म्हणत, घरी भाची मावशी म्हणे. दोन्ही हाकांना ती सारख्याच लगबगीने ‘ओ’ देई.

मैदानाला लागून तिची खोली होती. एक खाट, वजनकाटा, बर्फाच्या पिशव्यांचा बुटका फ्रीज आणि कॉम्प्युटर. शाळेच्या प्रत्येक खेळाडूची आरोग्याची नोंद त्यात असे: कुणाला दमा, कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाला कुठली गोळी चालत नाही. नावापुढे ठिपका: खेळायला मोकळं असेल तर हिरवा, नाहीतर लाल. खेळाच्या सरांना मोबाइलवर फक्त ठिपका दिसे. त्यामागचं कारण सिस्टर आणि डॉक्टर, दोघांपुरतंच राही.

“तुमचा ठिपका म्हणजे सासूबाईंचा शब्द,” सर म्हणत. “का म्हणून विचारायची सोय नाही.”

“सासूबाईंचं तरी कुठे ऐकता?” सिस्टर विचारी.

मुलांनी मात्र आपला एक कायदा करून टाकला होता. खाटेवर बसून सांगितलेलं टाइप होतं. बाहेर व्हरांड्यातल्या नळावर सांगितलेलं होत नाही. त्यामुळे खाटेवर घोटे आणि ताप येत, नळावर नापास झालेले पेपर, तुटलेल्या मैत्र्या, घरातली भांडणं. सिस्टर पाण्याचा ग्लास विसळत ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, “गेलं पाण्याबरोबर.” त्या दोन शब्दांवर पोरं हलकी होऊन वर्गात पळत.

भाची नववीत होती. आईवडिलांच्या नोकऱ्या लांबच्या गावी, म्हणून ती मावशीकडे राहायची. फुटबॉल संघाची गोलकीपर. तिच्या हातून चेंडू सहसा सुटत नसे, म्हणून संघ तिला ‘भिंत’ म्हणे.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला असताना सरावात झेप घेताना तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. ती हसत उठली, कपडे झटकले, सरांना म्हणाली, “काही नाही झालं.” संध्याकाळी ताटं घासताना मात्र तिने नळ थोडा मोठा सोडला.

“मावशी, हे नळावरचं हं.”

“बोल.”

“डोकं ठणकतंय. पुस्तकातल्या ओळी हलतात.”

मावशीने हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, पण मेंदूला हादरा बसलाय. मी सांगेपर्यंत खेळ बंद.

परतताना भाची अर्ध्या वाटेत थांबली. “शाळेत लिहू नकोस. मी खाटेवर बसले नव्हते.”

मावशीने तिचा हात धरला आणि तिला घरी आणलं.

सकाळी तिने भाचीची नोंद उघडली. हे लिहिलं, तर नळावर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. नाही लिहिलं, तर भिंत उद्या गोलसमोर उभी राहील आणि पुन्हा त्याच डोक्यावर आपटेल. पडद्यावर रकाना होता: माहिती कोणी दिली? विद्यार्थी, शिक्षक, पालक. तिने ‘पालक’ निवडलं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी पहिल्यांदाच. ठिपका लाल झाला.

सर धावत आले. “अहो, भिंतच पडली तर उद्या खेळायचं काय?”

“पडू नये म्हणूनच,” ती म्हणाली. सरांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

संघ एका गोलने हरला. भाची डोळ्यांवर टोपी ओढून बाकावर बसली होती. त्या दिवसापासून घरात मावशी उरलीच नाही.

“सिस्टर, मीठ देता का?”

“सिस्टर, दिवा मालवू का?”

नळावरचं लिहिलं गेल्याची बातमी शाळेतही पसरली. पोरं नळावर येत, घटाघटा पाणी पीत, ओठ पुसत निघून जात. सिस्टरच्या हातात ग्लास तसाच राही.

दिवस गेले. डॉक्टरांनी आधी चालायला सांगितलं, मग हळू धावायला, मग चेंडू झेलायला. दर पायरीला भाची खाटेवर येऊन बसे आणि ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोले. सिस्टर टाइप करी. शेवटी डॉक्टरांचा होकार आला. भाची खाटेवर बसली, पाय हलवत.

“लिही. डोकं दुखत नाही. ओळी जागच्या जागी आहेत.”

त्या ‘लिही’ने सिस्टरची बोटं क्षणभर अडखळली. मग नोंद झाली, ठिपका हिरवा झाला. भाची उठून व्हरांड्यात गेली आणि तिने नळ सोडला.

“मावशी, हे इथलं.”

“बोल.”

“मी अजून रागावलेय.”

“तेही लिहू?”

“लिहून तर बघ!”

मावशीने स्वच्छच असलेला ग्लास पुन्हा विसळला. “गेलं पाण्याबरोबर.”

“एवढ्यात नाही जायचं,” भाची म्हणाली, आणि आपली रिकामी बाटली तिच्यापुढे धरली. “भर. सराव आहे माझा.”