मधुमतीची चोरओटी

विभाताईंनी मधुमतीला पहिल्यांदा पाहिलं ते उत्तरेकडच्या शहरातल्या सोडाला मोहल्ल्यात, टांगेवाल्याला झापताना. "भैया, आधी घोड्याला पाणी दाखवा, मग बसते!" बदली होऊन विभाताईंच्या शेजारी राहायला आलेल्या, विमा कचेरीतल्या श्यामकांतांची ही बायको.

त्रेसष्ट साली मधुमतीच्या पोटात गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढले. ते काढले, तरी मागे कॅन्सर राहिला. इंजेक्शनांनी केस गेले, तोंड सोललं. मग डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, "दर महिन्याला रक्त तपासायचं. दिवस गेलेत का हे बघायला बेडकाला टोचतात ना, तीच परीक्षा; गर्भाची जी खूण रक्तात उतरते, तीच हा रोगही सोडतो. वर्षभर दिवस राहू देऊ नका. म्हणजे बेडकाने हो म्हटलं, तर रोग उरलाय हे नक्की."

सासूबाई रमाबाईंना मात्र 'गर्भ वाया गेला' एवढंच सांगितलं होतं. 'कॅन्सर' हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असं श्यामकांतांनी ठरवलं होतं.

एका मंगळवारी रमाबाईंनी विभाताईंना हळूच बोलावलं. चोरओटी होती. बाहेर बोभाटा न करता भरायची. पाटावर बसलेली मधुमती गोंधळली होती.

"कसली ओटी, आई?"

"लाजतेस काय? बेडकाने हो म्हटलंय! श्यामच सांगत होता."

नारळ मधुमतीच्या पदरात पडला होता. तिने दाराकडे पाहिलं. श्यामकांत चपला शोधत होते.

"अहो, केव्हा कळलं?"

"अगं, आई एवढी खुशीत आली, की मला पुढे..."

"केव्हा?"

"आठवडा झाला."

"आठवडा! मतलब माझ्या अंगात तो वाढत होता, आणि तुम्ही बाजारातून नारळ आणत होतात?" तिने नारळ त्यांच्या हातात कोंबला. "धरा. तुमचीच ओटी भरून घ्या!"

मग ती सासूकडे वळली तेव्हा आवाज उतरला होता. "आई, मूल नाहीये. कॅन्सर आहे."

 रमाबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी तशीच राहिली. विभाताईंना त्या क्षणी श्यामकांतांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतक्या सभ्य माणसाबद्दल असं वाटल्याची त्यांना आजही लाज नाही.

मधुमती आणि विभाताई तशाच इस्पितळात गेल्या. खिडकीतला बाबू म्हणाला, "रिपोर्ट घर के आदमी को देते हैं, बहनजी."

"खून मेरा है!" मधुमती ओरडली, आणि बाबूने कागद खिडकीतून पुढे सरकवला.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. पुन्हा केस गेले. पुढे बेडकाचं उत्तर 'नाही' येऊ लागलं, ते आजवर तसंच आहे.

आता अडुसष्ट साल संपत आलंय. मधुमती अजूनही अधूनमधून रक्त द्यायला एकटीच जाते, आणि आलेला निकाल उंबऱ्यातच, सासूला ऐकू जाईल असा, मोठ्याने वाचते.