मागचं सगळं रद्द

उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या आतोबांइतकं मनापासून पथ्य पाळणारा, आणि पथ्य पाळता पाळता दोन किलोंनी वाढलेला, दुसरा माणूस सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पालीजवळच्या एका वाडीत राहतात. निम्मी हयात एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारण्यात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नाही. आत्याने कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी फोडणीला टाकली की ओट्यावरून पुकारा होतो, "फणसाची भाजीऽऽ, लागत आहेऽऽ!" शेजाऱ्यांना रोज आत्याचा स्वयंपाक पाठ असतो. त्यात आत्या सुगरण, त्यामुळे गाड्या भरपूर लागतात.

या आवाजाइतकाच वाडीत त्यांचा खांदा प्रसिद्ध. चाळीस वर्षं शिमग्याला त्यांनी गावदेवीची पालखी नाचवली. बाकीचे दमून खांदा बदलायचे, हे नुसते घाम पुसायचे. पण गेल्या शिमग्यानंतर गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी बजावलं, "दहा किलो उतरवा, मग पालखीला हात लावा." आतोबांनी तो हुकूम देवीचाच मानला.

इथे माझा प्रवेश होतो, आणि तो काही अभिमानाचा नाही. दिवाळीला मी रत्नागिरीहून बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकची बाटली नेली आणि "यात साखर शून्य" एवढंच बोललो. आतोबांनी त्याचा लगेच विस्तार केला. कोकम सरबत पित्त मारतं ना? मग हे मेद मारणार! तेव्हापासून जेवणाच्या शेवटी सोलकढीच्या जागी ही काळी बाटली आली. आतोबा नारळाच्या रसात बुडवून सहा घावनं खायचे, वर एक पेला रिचवायचे आणि पोटावरून हात फिरवत जाहीर करायचे, "मागचं सगळं रद्दऽऽ!"

"अहो, रद्द झालं तर पोट कुठे निघालंय पुढे?" आत्या विचारायची. आतोबा त्यावर आणखी अर्धा पेला घ्यायचे.

शंकेखोरांसाठी त्यांनी एकदा पाली बाजारात प्रयोगच केला. काजूच्या व्यापाऱ्याकडे पोती मोजायचा काटा आहे, त्यावर ते भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहिले. सत्त्याण्णव. तिथेच उभ्या उभ्या बाटली संपवली आणि रिकामी हातातच ठेवली. सत्त्याण्णव. "बगितलंत? आख्खी बाटली पोटात गेली, काटा हालला नाय!" दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने ही कुठे मिळते म्हणून विचारून घेतलं. मी हातातल्या बाटलीचं वजन समजावू लागलो, तेव्हा आतोबा प्रेमाने म्हणाले, "तू शिकलेला हायस रे, पण काटा कशाला खोटं बोलंल?" मला इतकं हसू आलं की मी नाद सोडला आणि पुढच्या खेपेला दोन बाटल्या नेल्या.

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा डॉक्टरांच्या काट्यावर आकडा आला नव्व्याण्णव. गेल्या खेपेपेक्षा दोन किलो जास्त. डॉक्टर म्हणाले, "बाटलीनं काही वाढवलं नाही हो. बाटलीच्या जिवावर जे खाल्लंत, त्यानं वाढवलं. यंदा पालखी नाही." आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. चार महिने मी त्यांची गंमत बघत बसलो होतो, आणि त्यांचा शिमगा हातचा गेला होता.

पालखी घरोघर फिरत दुपारी त्यांच्या अंगणात आली. आतोबा धुतलेला सदरा घालून, टोपी सारखी करत कडेला उभे. ढोल घुमायला लागला आणि त्यांच्या पुतण्याने दांड्याखालून हाक मारली, "काका, या ना! दोन पावलं." डॉक्टरांचं नाव काढायला कोणालाच सवड मिळाली नाही. आतोबा दांड्याखाली शिरले, चार पावलं सावकाश नाचले. आत्याने तोंडावर पदर धरला होता. बाहेर आल्यावर त्यांनी स्टँडच्या आवाजात पुकारलं, "अजून गाडी चालू हायऽऽ!" अंगणभर हशा झाला. मीही हसलो. मला बरं वाटलं, सुटल्यासारखं.

जेवायला पुरणपोळी होती. आत्या दुसरी वाढायला वाकली तर आतोबांनी पानावर आडवा हात धरला. मी सवयीने बाटली पुढे केली.

"ती नको. ताक दे."

मग पानातलं तूप बोटाने सारखं करत ते बोलले. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. "दांडा टेकला नव्हता रे माझ्या खांद्याला. पोरांनी वरच्या वर धरलेला. चाळीस वर्सं वजन घेतलंय, कळतं मला." ताकाचा घोट घेऊन ते थांबले. "फुडल्या शिमग्याला टेकला पायजे."

वाढायला शेजारी उभ्या असलेल्या आत्यालासुद्धा ते ऐकू गेलं नाही.