थारांचा कडा

खंडेराव गेटच्या आत राहणाऱ्या जयंतराव लघाट्यांना दोन गोष्टींचा भयंकर अभिमान होता. एक, त्यांचे पूर्वज मराठा सुभेदारांबरोबर घोड्यावरून झाशीत आले याचा; आणि दुसरा, स्वतःच्या कॅमेऱ्याचा. घोडा कुणी पाहिला नव्हता, कॅमेरा मात्र सगळ्या गल्लीला पाहावा लागला होता. वर्षभर हा माणूस रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्कच्या खुर्चीवर मान खाली घालून बसायचा. दसरा उलटला की रजेचा अर्ज टाकायचा, बायकोला स्वेटर बांधायला सांगायचा आणि थेट हिमालय गाठायचा. पक्षी, कोल्हे, बर्फाची शिखरं, जे दिसेल ते टिपायचं आणि दिवाळीच्या आत घरी.

गेली चार वर्षं मात्र त्यांना एकच फोटो हवा होता. उखीमठच्या वर उंचावर थार असतात, म्हणजे मानेवर झुबकेदार आयाळ असलेले डोंगरी बोकड. तो थार कड्याच्या टोकावर उभा हवा, मागे चौखंबा शिखर हवं आणि सकाळचं पहिलं ऊन दोघांवर एकदमच पडलेलं हवं. पहिल्या वर्षी धुकं आलं, दुसऱ्या वर्षी थार आले नाहीत, तिसऱ्या वर्षी दोन्ही जमलं तर थंडीने बॅटरी मान टाकून बसली. आणि यंदा निघण्याआधी डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "लघाटेजी, इस बार हो आइए। इसके बाद चढ़ाई बंद।"

म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. ही गोष्ट त्यांनी फक्त स्नेहलताबाईंना सांगितली, आणि अर्थातच मराठीत.

झाशीत मराठी ही उंबऱ्याच्या आतली भाषा आहे. बाहेर सगळीकडे हिंदी आणि बुंदेली. त्यामुळे इथल्या मराठी माणसांना एक वाईट खोड लागते. परक्यादेखत खासगी बोलायचं तर ती खोली बदलत नाहीत, भाषा बदलतात. बडा बाजारात दुकानदाराच्या तोंडावर "हा लुबाडतोय, पुढे चल" असं लघाटे नवराबायको हसतमुखाने म्हणत आणि वर "अच्छा भैया, फिर आएँगे" म्हणून निघत. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी पकडलं नव्हतं. मग सावध कशाला राहायचं?

कौशिक त्यांच्याकडे सहा वर्षांपूर्वी आला. लग्नांचे फोटो काढणारा, जवळच्या गरौठा गावाकडचा तरुण. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. "सरजी, जंगल का काम सिखा दीजिए," म्हणाला. जयंतरावांना शिष्य हवाच होता. ऐकून घेणारा माणूस कुणाला नको असतो? त्यांनी त्याला वाऱ्याची दिशा बघायला शिकवलं, श्वास रोखून बटण दाबायला शिकवलं, स्वतःची मोठी लेन्स वापरायला दिली. तो गणपतीत त्यांच्या पंगतीला बसायचा, दिवाळीत चकल्या खायचा, दरवर्षी सहलीत ट्रायपॉड उचलायचा. आणि त्याच्यासमोर नवराबायको सगळं बोलत. मुलगी नीरजा फोन करत नाही हे बोलत, जावयाचा स्वभाव बोलत. एकदा तर जयंतराव त्याच्या शेजारी बसून, बढती हुकल्याबद्दल अक्षरशः रडले होते. कौशिक खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला काय कळतंय!

यंदाही तिघं निघाले. हरिद्वारपासून जीप केली. मागच्या बाकावर स्नेहलताबाई आणि जयंतराव, पुढे ड्रायव्हरशेजारी कौशिक. वळणावळणावर देवदार मागे पडत होते आणि आभाळ इतकं स्वच्छ होतं की जयंतरावांना राहवेना.

"गाइडनं जागा सांगितलीय," ते बायकोला म्हणाले. "देवीच्या पडक्या देवळावरून डावीकडे, दोन जुळे दगड आहेत. उजाडायच्या वेळी कळप त्यांच्यासमोरच्या कड्यावर येतो. दगडांमध्ये एकच माणूस मावेल एवढी जागा आहे."

"आणि कौशिक?"

"त्याला खालच्या कुरणात बसवतो. वर नको. हात चांगला आहे त्याचा, पण नजर नाही. उगाच हालचाल करेल आणि कळप उधळेल."

"अहो, पण त्या कुरणात काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर."

मग ते पुढे वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "कौशिक, कल तुम नीचे वाले बुग्याल में बैठना। जानवर पक्का वहीं आएगा।"

"जी, सरजी," कौशिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नेहलताबाईंना मुक्कामावर ठेवून जयंतराव काठी टेकत निघाले. दर वीस पावलांवर थांबत होते. गुडघ्यातून कळा येत होत्या, पण मन विशीतलं झालं होतं. पडकं देऊळ आलं, ते डावीकडे वळले. चौखंब्यावर आणि वरच्या कड्यावर नुकतंच पहिलं ऊन पडलं होतं. तेवढ्यात वरून दगड गडगडले. मान उंचावून पाहिलं, तर आयाळी उडवत सातआठ थार कड्यापलीकडे नाहीसे होत होते. आणि जुळ्या दगडांच्या मधून, ट्रायपॉड काखेत मारून, कौशिक उठत होता.

"अरे सरजी! रास्ता भटक गया था," तो म्हणाला. "इत्तेफ़ाक़ से इधर निकल आया।"

जयंतराव पुढे तीन दिवस त्या दगडांत जाऊन बसले. ऊन रोज वेळेवर आलं, शिखर रोज उजळलं, कडा मात्र रिकामाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि उतरताना एकदाही मागे पाहिलं नाही.

तरी त्यांनी त्याच्यावर संशय घेतला नाही, हे लिहिताना माझंच डोकं फिरतं. जागा कौशिकला कळणारच कशी? आपण त्याला सांगितली नव्हती, गाइड त्याच्याशी बोलला नव्हता. चुकलं असेल बिचारं पोर. उलट खोटं सांगून कुरणात पाठवल्याचं त्यांनाच थोडं लागलं होतं. म्हणून दिवाळीच्या चौथ्या दिवशी, त्याच्याकडची लेन्स आणायच्या निमित्ताने, ते स्वतः फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी निघाले. सहा वर्षांत कौशिकने त्यांना कधी घरी बोलावलं नव्हतं. बडा बाजारामागच्या गल्लीत विचारत विचारत ते पोचले.

दार उघडंच होतं. आतून एका बाईंचा आवाज आला, "अरे, पणत्या उचलून ठेव रे, तेल सांडेल."

"ठेवतो गं आई. आधी हे प्रिंट वाळू दे," आतून कौशिक म्हणाला.

जयंतराव डबा हातात धरून तसेच उभे राहिले. आधी त्यांना वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मग वाटलं, सहा वर्षं आपण चुकीच्या घरात राहत होतो. जीप आठवली, नीरजा आठवली, ते रडणं आठवलं. एकेक आठवण येत गेली आणि अंगावरचं कापड कुणी ओढून नेतंय असं त्यांना झालं.

कौशिकने त्यांना पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने नजर वळवली नाही.

"आई भुसावळची," तो मराठीत म्हणाला. "आजोबा रेल्वेत होते."

"सहा वर्षं!" जयंतराव ओरडले. "माझ्या ताटात जेवलास, माझ्या घरात मूग गिळून बसलास आणि केसाने गळा कापलास माझा! पहिल्याच दिवशी सांगता आलं नाही तुला?"

"सांगणार होतो. तोंड उघडलंच होतं, सर. तेवढ्यात तुम्ही काकूंना म्हणालात, 'याला अर्धाच कप दे, नाहीतर रोज येऊन बसेल.' मग काय सांगू?"

"म्हणून चोरून ऐकलंस?"

"चोरून नाही, तुमच्यासमोर बसून ऐकलं. काकू कणवेनं बोलायच्या, ते पण ऐकलं. तुम्ही रडलात तेव्हा वाटलं, आता सांगावं. हिंमत झाली नाही. आणि जीपमध्ये म्हणालात, याला नजर नाही." त्याचा आवाज चिरकला. "रिकाम्या कुरणात मला तुम्ही पाठवत होतात, सर."

हे खरं होतं, आणि खरं होतं याचाच जयंतरावांना जास्त संताप आला. आपण केली ती लबाडी होती, एका सकाळपुरती. याने तर सहा वर्षं केली. हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मांडला. तरी तो त्यांच्या बाजूने पुरता वळेना.

टेबलावर प्रिंट वाळत होतं. बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिलं. थार कड्याच्या अगदी टोकावर, एक पाय उचललेला. आयाळीच्या कडेला सोनेरी रेघ, आणि मागे चौखंबा, तोही तसाच पेटलेला. जयंतरावांनी चष्मा पुसला आणि चूक शोधायला वाकले. फोकस पाहिला, कडा पाहिल्या, आभाळ पाहिलं. बराच वेळ ते वाकून उभे होते. मग त्यांनी फराळाचा डबा टेबलावर ठेवला, लेन्स उचलली आणि निघाले.

घरी आले तेव्हा स्नेहलताबाई दारात भाजीवाल्याकडून मटार घेत होत्या. नेहमीसारखं त्याच्यासमोरच त्यांनी मराठीत मोठ्याने विचारलं, "भेटला का हो कौशिक? काय म्हणाला?"

जयंतरावांनी भाजीवाल्याकडे पाहिलं. तो शांतपणे मटार तोलत होता. बारा वर्षं तो या दारात येत होता आणि त्याची आई कुठली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी बायकोला हाताला धरून आत आणलं, दार लावलं, कडी घातली आणि मग तिच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "फोटो त्यानं काढलाय. आणि मला हवा होता तसाच आलाय."